तिसऱ्या बेसजवळच्या बाकाचा सूड

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, आणि मला राग येतो. लाकडाला राग येत नाही असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल तर ते साफ चूक आहे. माणसाचा राग चहाच्या कपाबरोबर निवतो. लाकडाचा राग मुरतो. माझा चांगला मुरला होता, आणि तो मी कसा काढला तेच आज सांगणार आहे. आत्मवृत्ताच्या शेवटी बोध द्यायचा असतो, तो मी देईन. पण आधी सूड.

माझा जन्म मेलबर्नच्या आग्नेयेला, डँडेनॉन्गमधल्या एका ओढ्याकाठच्या मैदानावर झाला. तिथे बेसबॉलचा एक छोटा क्लब होता, क्रीकसाइड प्लोव्हर्स. प्लोव्हर म्हणजे आपली टिटवी. रेल्वेने काढून टाकलेले रेड गम लाकडाचे स्लीपर कुणीतरी फुकट आणले आणि एका रविवारी क्लबच्या लोकांनी मिळून मला ठोकून काढलं. इथे त्याला वर्किंग बी म्हणतात. म्हणजे आपलं श्रमदानच, फक्त शेवटी बार्बेक्यू असतो. मला पाठ नाही, हात नाहीत. चार जाड पाय आणि सहा माणसं आरामात बसतील एवढी लांब फळी, झालं. मला तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे पळणाऱ्या खेळाडूच्या तिसऱ्या थांब्यापाशी, जाळीच्या मागे ठेवलं. तिथून पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, इतका जवळ दिसायचा की त्याच्या कपाळावरचा घामही दिसे.

त्या मैदानाला फाटक होतं, पण त्याला कुलूप नव्हतं. ज्याला यायचं तो यायचा. टिनाच्या फॅक्टरीतून शिफ्ट संपवून कामगार यायचे, शेजारच्या चर्चमधून म्हाताऱ्या यायच्या, कुत्री यायची, बाबागाड्या यायच्या. माझ्यावर सनस्क्रीनचे हात पुसले गेले, सॉसेजचं तेल सांडलं, सॉस सांडला, आइस्क्रीम वितळलं. मी सगळं पिऊन घेतलं. मला कुणी जपलं नाही हो, पण मला कुणी एकटंही सोडलं नाही. बाकाला याहून काय हवं?

आता तुम्ही विचाराल, ऑस्ट्रेलियाच्या बाकाला मराठी कशी येते? अहो, वर्षानुवर्षं थेरेसा माझ्यावर बसली आणि वर्षानुवर्षं ती बोलत होती. दगडालाही आली असती.

थेरेसा आणि तिचा नवरा लिओनार्ड वसईचे. लिओनार्ड जवळच्याच एका कारखान्यात इंजिनियर होता. शाळेत असताना तो वसईत सॉफ्टबॉल खेळलेला, म्हणून इथे आल्यावर क्रिकेट सोडून बेसबॉलच्या मैदानाकडे वळला. शनिवारी दुपारी ती दोघं यायची, मांडीवर छोटी एल्सा. थेरेसाच्या डब्यात फुगे असायचे. रबरी नव्हेत, मैद्याचे, गोल, तळलेले. वसईचे. ते इथल्या लोकांना इतके आवडले की सॉसेजच्या टेबलाशी रांग लहान आणि थेरेसापाशी मोठी, असं व्हायचं.

आणि थेरेसाने या मैदानाला एक रीत दिली. पहिल्याच आठवड्यात ती चहा आणायला उठली आणि जाताना तिने लिओनार्डचा मोठा चौकडीचा रुमाल माझ्यावर टाकला. जागा धरायला. एका धिप्पाड गोऱ्या गृहस्थाने तो उचलला आणि मागे धावत जाऊन तिला परत दिला, "यू ड्रॉप्ड धिस, लव्ह." थेरेसाने त्याला कमरेवर हात ठेवून नियम समजावला. रुमाल म्हणजे माणूस. रुमाल असेल तर तिथे बसायचं नाही. त्याला इतकं हसू आलं की पुढच्या शनिवारी त्याने स्वतःची टोपी टाकली. महिन्याभरात सगळं मैदान टोप्या, स्कार्फ आणि पाण्याच्या बाटल्या टाकून जागा धरू लागलं. एकाने तर सॉसेजचा ब्रेड ठेवून जागा धरली. ती जागा एका मॅगपाय पक्ष्याने खाल्ली.

असे ते दिवस होते. मग शैलेंद्र आला.

शैलेंद्र पुण्याचा. क्लेटनमधल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. पहिल्यांदा आला तेव्हा या देशात नवाच होता, एकटा होता, आणि जाळीपाशी हात खिशात घालून उभा होता. लिओनार्ड त्याला काही न विचारता सरकला आणि बाजूच्या फळीवर हात थोपटून म्हणाला, "बस की." त्याला बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. लिओनार्डने त्याला सगळं शिकवलं. थेरेसाने त्याला जेवू घातलं. एल्सा त्याला अंकल म्हणायला लागली. माझ्यावर बसूनच तो घरची आठवण येऊन एकदा रडला, तेही मी बघितलंय. म्हणून तर माझा राग एवढा मोठा आहे. परक्याने लाथ मारली तर कुणी मनावर घेत नाही. ज्याला सरकून जागा दिली त्याने केसाने गळा कापला की ते विसरता येत नाही.

शैलेंद्र हुशार. आधी कमिटीवर गेला, मग क्लबचा प्रेसिडेंट झाला. त्याच्या डोक्यात आलं की इथे स्टेडियम हवं. काचा हव्यात, लाउंज हवा, मोठे दिवे हवेत. त्यासाठी सरकारकडून आणि कौन्सिलकडून पैसे हवेत, म्हणजे तुमच्याआमच्या टॅक्सचे. माझा टॅक्स नाही, पण भावना समजून घ्या. आणि सरकार पैसे देणार कधी? तर "हे लोकांसाठी आहे" असं लोकच म्हणतील तेव्हा.

त्यासाठी त्याला थेरेसा हवी होती. थेरेसाला ओळखत नाही असा माणूस त्या भागात नव्हता.

"इथे काय वाईट आहे रे?" थेरेसाने त्याला विचारलं. तेव्हा ती माझ्या एका टोकाला बसली होती आणि तो मधे.

"अगं, आहे ते जाणार नाही. उलट पक्कं होईल," शैलेंद्र म्हणाला. "खालची पहिली रांग, मैदानाला लागून, सगळ्यांना फुकट. कायमची. हा बाकही तिथेच ठेवू. लिओनार्ड इथूनच मॅच बघेल, शंभर वर्षांचा होईपर्यंत."

"लिहून घे," लिओनार्ड हळूच म्हणाला.

"गप रे," थेरेसाने त्याला दटावलं. "आपल्याच माणसाकडून काय लिहून घ्यायचं? बरं दिसतं का ते?"

इथेच चुकलं, मित्रांनो. थेरेसा टेलिफोन कंपनीशी भांडताना समोरच्याचं नाव लिहून घेते, गॅरेजवाल्याकडून पावती घेतल्याशिवाय हलत नाही. पण समोरचा मराठीत बोलला की आपली माणसं एकदम भिडेला बळी पडतात. तिने फॉस्टर स्ट्रीटवर साडीच्या दुकानांसमोर टेबल टाकलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगितलं, सही करा, फुकट बसायची जागा होणार आहे. लोकांनी स्टेडियमवर नाही, थेरेसावर विश्वास ठेवून सह्या केल्या. पैसे मंजूर झाले. शैलेंद्रने माझ्यावर उभं राहून शॅम्पेन उडवली. बुटांसकट.

आणि मग काय? गरज सरो, वैद्य मरो. एका सकाळी मला उपटलं आणि कौन्सिलच्या यार्डातल्या एका लोखंडी कंटेनरमध्ये फेकलं. तिथे तुटके गोलपोस्ट होते, गंजलेली कारंजी होती आणि विषारी कोळी होते. दोन हिवाळे मी तिथे काढले. माझ्यावर कुणी बसलं नाही. बुडाची ऊब काय असते ते मी विसरत चाललो होतो. अंधारात माणूस प्रार्थना करतो म्हणतात. मी केली नाही. मी शैलेंद्रचा विचार केला.

बाहेर आलो तेव्हा स्टेडियम उभं होतं. मला लाउंजसमोरच्या टाइल्सवर ठेवलं होतं, मैदानाच्या अगदी कडेला, तिसऱ्या बेसच्याच बाजूला. क्षणभर मला वाटलं, बरं का, माणसाने शब्द पाळला. मग माझ्याभोवती जांभळ्या मखमली दोरीचं कुंपण आलं आणि एक पितळी पाटी आली: "हेरिटेज. कृपया बसू नये." बाकावर बसू नये! चुलीवर शिजवू नये, विहिरीतून पिऊ नये! माझा असा अपमान कोळ्यांनीसुद्धा केला नव्हता.

उद्घाटन शनिवारी होतं. गुरुवारी थेरेसा आली. मी तिला लगेच ओळखलं, पण ती थकली होती. तिच्या आणि शैलेंद्रच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. मी कंटेनरमध्ये होतो तेव्हा लिओनार्डला स्ट्रोक आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हळूहळू काठीवर चालू लागला, एखाददुसरा शब्द परत आला. एल्सा आता क्लेटनला युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि क्लबच्या मुलींच्या टीमची पिचर होती. स्टेडियममधली पहिली मॅच तिच्याच टीमची होती. अख्खा हिवाळा लिओनार्डने व्यायाम केले ते एवढ्याचसाठी. एल्साला चेंडू टाकताना मैदानाशेजारी बसून बघायचं.

"शैलेंद्र, लिओनार्डला कुठे बसवू?" थेरेसाने विचारलं.

"वर ईस्ट स्टँड आहे ना, पब्लिकसाठी. व्ह्यू एकदम मस्त."

"पायऱ्या बघितल्यास किती आहेत? तो दोन पायऱ्यांना दमतो. लिफ्ट?"

"लिफ्ट पुढच्या सीझनला. अप्रूव्हल अडकलंय."

"आणि खालची पहिली रांग? ती सगळ्यांना फुकट म्हणाला होतास."

"तेव्हा प्लॅन वेगळा होता गं. आता इथे फाउंडर्स लाउंज आहे. मेंबरशिप घे ना. तुला मी डिस्काउंट मिळवून देतो."

"टॅक्स घेताना दिला होता का डिस्काउंट?"

शैलेंद्र हसला. मोबाइलवर काहीतरी टाइप करत म्हणाला, "इमोशनल नको ना होऊस, यार. घरी लाइव्हस्ट्रीमवर बघेल तो. एचडी आहे."

थेरेसाने माझ्याकडे बोट केलं. "निदान या बाकावर बसू दे त्याला. एक दिवस."

"हा हेरिटेज पीस आहे. मिनिस्टर यायच्यात, त्यांचा फोटो आहे यावर." आणि मग, मित्रांनो, त्याच तोंडाने तो म्हणाला, "बरं झालं आठवलं. शनिवारी मल्टिकल्चरल टेबल आहे. तुझे ते फुगे आण ना. सगळ्यांना फार आवडतात. सर्व्हिस गेटने ये, पास ठेवतो."

माणसाला लाज नसावी म्हणजे किती नसावी! मला वाटलं थेरेसा आता त्याला चांगला झाडून काढणार. तिने पर्स खांद्यावर नीट अडकवली. मग म्हणाली, "आणते. पण दोन तबकं आहेत, एकटीला जमणार नाही. लिओनार्ड येईल मदतीला."

"नो वरीज," शैलेंद्र म्हणाला. त्याने वर बघितलंही नाही. काठीवर चालणारा माणूस तबक कसं उचलणार, एवढा विचार करायलाही त्याला सवड नव्हती.

ती गेल्यावर त्याने माझ्यावरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "फार कळकट दिसतोय. वॉर्निश मारून घ्या."

शुक्रवारी रंगारी आला. चांगला माणूस होता. त्याने फळी घासली, वास घेतला आणि म्हणाला, या लाकडात इतकं तेल-तूप मुरलंय की यावर वॉर्निश धड वाळणार नाही. आधी सगळं खरवडून काढायला हवं, आणि वरून ही दमट हवा, दोन-तीन दिवस तरी हात लावू नका. शैलेंद्र म्हणाला, "जस्ट डू इट, मेट." रंगाऱ्याने काम केलं आणि जाताना माझ्यावर "ओला रंग" अशी पाटी ठेवली. शनिवारी सकाळी शैलेंद्रने ती पाटी उचलून कचऱ्यात टाकली, कारण ती फोटोत वाईट दिसत होती. हे सगळं त्याने स्वतः केलं. मी फक्त न वाळण्याचं काम केलं. वरून कोरडा, चकचकीत, नवरदेवासारखा, आणि आतून चिकट. गरीब माणसांनी माझ्यावर वर्षानुवर्षं पुसलेले हात त्या दिवशी माझ्या मदतीला आले.

दुपारी गर्दी झाली. काचेमागे लाउंजमध्ये सुटाबुटातली मंडळी वाइन पीत होती. वर ईस्ट स्टँडमध्ये जुनी मंडळी होती, मान ताणून खाली बघणारी. दोरी लावलेली खालची पहिली रांग रिकामी होती, कारण मेंबरांना ऊन नको होतं.

सर्व्हिस गेटने थेरेसा आली. मागून लिओनार्ड, कडक इस्त्रीचा शर्ट, डाव्या हातात काठी. तिने तबकं टेबलावर ठेवली, सरळ माझ्याकडे आली, मखमली दोरी वर उचलली आणि चौकडीचा रुमाल काढला. माझ्यावर टाकणार तेवढ्यात ती थांबली. फळीची चमक तिला खटकली असावी. तिने एक बोट टेकवलं, उचललं, बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग रुमालाची नीट दुहेरी घडी केली, माझ्या मधोमध पसरली, आणि लिओनार्डला सांगितलं, "रुमालावरच बस हं. इकडेतिकडे सरकायचं नाही."

तिने ते बोट टिशूने पुसलं आणि कुणाला एक शब्द सांगितला नाही. त्या क्षणी मला कळलं की आम्ही दोघं एकाच टीममध्ये आहोत.

लिओनार्ड बसला. दोन हिवाळ्यांनंतर माझ्यावर माणूस बसला. समोर एल्सा हात मोकळे करत होती. तिचं लक्ष नव्हतं. तिची नजर वरच्या स्टँडमध्ये बाबांना शोधत होती.

शैलेंद्र धावत आला. क्रीम रंगाचा सूट, हातात माइक, कारण सूत्रसंचालनही तोच करत होता. माइकचं बटण बंद करून तो दात आवळून म्हणाला, "थेरेसा, हे काय चाललंय? उठव त्याला. मिनिस्टर येतायत."

"रुमाल टाकलाय."

"हे काय आपलं गाव आहे का?"

"रुमालाचा नियम तू याच बाकावर शिकलास, शैलेंद्र."

तो सिक्युरिटीला हाक मारणार एवढ्यात मंत्रीणबाई आल्या, मागे कॅमेरे घेऊन. त्यांनी काठी बघितली, इस्त्रीचा शर्ट बघितला, आणि त्यांचा चेहरा खुलला. "सो धिस इज द फ्री पब्लिक सीटिंग! लव्हली!" असं म्हणत त्यांनी लिओनार्डचा हात हातात घेतला.

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. शैलेंद्र नाही. त्याने एका सेकंदात हसू चढवलं, "ऍब्सोल्युटली, मिनिस्टर," म्हणाला, लिओनार्डच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याच्या शेजारी, माझ्या उघड्या, चकचकीत फळीवर, चांगला दणकून बसला.

या, या. बसा. किती वाट बघितली तुमची.

फोटो निघाले. मंत्रीणबाई पहिला चेंडू टाकायला मैदानाच्या मधोमध गेल्या. कॅमेरे त्यांच्या मागे गेले. आता शैलेंद्रने उठून त्यांच्याजवळ जायचं आणि माइकवर त्यांची ओळख करून द्यायची होती. तो उठायला गेला.

मी धरलं.

तो पुन्हा उठायला गेला. मी पुन्हा धरलं. माझ्या शिरांमध्ये जेवढं म्हणून मुरलं होतं, तेवढ्या सगळ्यानिशी धरलं. खालून बारीकसा आवाज आला, कापड उसवल्याचा, तसा तो जागच्या जागी गोठला.

"थेरेसा," तो कुजबुजला. "अडकलोय."

"कशात?"

"बाकात! पँट चिकटलीय!"

"अगंबाई. जोर लाव की."

"फाटेल ना! टीव्ही आहे समोर! हात दे, हळूच सोडव."

मैदानाच्या मधोमध मंत्रीणबाई चेंडू हातात घेऊन थांबल्या होत्या आणि इकडे बघत होत्या. सगळं स्टेडियम इकडे बघत होतं.

"देते की हात," थेरेसा म्हणाली. "आधी ही खालची रांग उघड. सगळ्यांना."

"आत्ता? कमिटीला विचारावं लागेल."

"मग विचार. जा उठून आणि विचार."

मित्रांनो, मी हसू शकत नाही, याचं दुःख मला त्या दिवसाइतकं कधी झालं नाही. शैलेंद्रच्या कपाळावर घाम आला. "बरं बरं, उघडतो. मॅच झाली की बोलतो सगळ्यांशी. शब्द देतो तुला."

"तुझा मराठीतला शब्द मी एकदा घेतलाय," थेरेसा म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. "त्याच्यावर मी फॉस्टर स्ट्रीटवर लोकांच्या सह्या घेतल्या. आता ती माणसं मला रस्त्यात अडवून विचारतात. हा शब्द इंग्लिशमध्ये दे. माइकवर. खालची रांग, सगळ्यांना, फुकट, कायमची."

"थेरेसा, प्लीज."

"मिनिस्टर वाट बघतायत, शैलेंद्र."

त्याने लिओनार्डकडे बघितलं. लिओनार्ड समोर एल्साकडे बघत होता. मग शैलेंद्रने माइकचं बटण दाबलं, आणि गोड आवाजात, इंग्लिशमध्ये, बसल्या बसल्या जाहीर केलं की मैदानालगतची सगळी पहिली रांग आजपासून सर्वांसाठी खुली आहे, तिकिटाशिवाय, मेंबरशिपशिवाय, कायमची. "बिकॉज धिस स्टेडियम बिलाँग्ज टू यू," असंही तो म्हणाला. ते वाक्य थेरेसाने सांगितलं नव्हतं. त्याच्या अंगवळणीच पडलं होतं ते.

वरून जो ओरडा झाला तो मी जन्मात ऐकला नव्हता. लोक पायऱ्यांवरून खाली यायला लागले, खांद्यावर पोरं, हातात थंड पेयांचे डबे. सिक्युरिटीवाला प्रश्नार्थक बघत राहिला तेव्हा शैलेंद्रने नाइलाजाने हाताने खूण केली, काढ ती दोरी. मंत्रीणबाई टाळ्या वाजवत होत्या. कॅमेरे चालू होते.

थेरेसाने शब्द पाळला. तिने हात दिला आणि ओढलं. पण मी कुठे काही कबूल केलं होतं? चर्रर्र. सूट शैलेंद्रबरोबर गेला, सुटाचा मागचा तुकडा माझ्याकडे राहिला. क्लबचा प्रेसिडेंट फुग्यांचं रिकामं तबक मागे धरून मैदानाच्या मधोमध गेला आणि त्याने मंत्रीणबाईंची ओळख तशीच करून दिली.

मग मॅच सुरू झाली. एल्सा पिचरच्या जागेवर आली, चेंडू हातात फिरवला, आणि तिसऱ्या बेसकडे वळून बघताना तिची नजर माझ्यावर आली. ती सगळं विसरून ओरडली, "डॅड! आय कॅन सी यू!" लिओनार्डने डावा हात वर केला. तो हात पहिली इनिंग संपेपर्यंत खाली आला नाही. दुखत असणार. आमची टीम एका रनने हरली. एल्साने चांगला खेळ केला, बाकीच्यांनी माती खाल्ली.

मॅच संपल्यावर शैलेंद्र आला. कुणा खेळाडूची ट्रॅक पँट घातली होती, आखूड, आणि हातात फळीवर अंथरायला टॉवेल होता. थेरेसा तबकं आवरायला गेली होती. तो लिओनार्डसमोर उभा राहिला. मग म्हणाला, "लिओनार्ड, सॉरी रे. खरंच सॉरी. जरा सरकतोस? बसतो तुझ्याजवळ दोन मिनिटं."

खरंच सॉरी होतं का ते? असेलही. मी लाकूड आहे, मी तपासत बसत नाही.

लिओनार्डने त्याच्याकडे खूप वेळ बघितलं. स्ट्रोकनंतर त्याला शब्द शोधावे लागतात, एकेक. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आयुष्यभर सगळ्यांसाठी सरकणारा माणूस तो. मला वाटलं आता सरकेल.

"जागा," लिओनार्ड म्हणाला. "नाही."

माझ्यावर अजून पाच माणसांची जागा होती. शैलेंद्रलाही ते दिसत होतं.

पुढच्या आठवड्यात कमिटीने "ती सवलत फक्त उद्घाटनापुरती होती" असं म्हणून बघितलं. पण मंत्रीणबाईंच्याच ऑफिसने लिओनार्डबरोबरचा फोटो "लोकांसाठी फुकट जागा" असं लिहून जगभर पाठवला होता. कमिटीचं तोंड बंद झालं. पितळी पाटी गेली. सुटाचा तुकडा खरवडायला माणूस आला होता, त्याला थेरेसाने चहा पाजून परत पाठवला.

आता बोध. मित्रांनो, जुन्या बाकाला जपायचं असेल तर त्याला पाटी लावू नका, दोरी बांधू नका. त्याच्यावर बसा. सांडा, पुसा, पोरांना उड्या मारू द्या. तुमच्या पैशांनी काही उभं राहिलं तर पहिल्या दिवशी जाऊन बघा की आत कोण बसलंय आणि बाहेर कोण. आणि गोड बोलणारा आपला माणूस भेटला तर त्याला फुगे जरूर द्या, पण शब्द सगळ्यांसमोर घ्या.

क्षमा मोठी असते असंही मी या ठिकाणी म्हणायला हवं. बाक सगळ्यांसाठी असतो, हे मला कुणी शिकवायला नको, आणि मी त्याला बसण्यापासून अडवतही नाही. पण शैलेंद्र दर शनिवारी येतो, जाळीपाशी हात खिशात घालून उभा राहतो, अधूनमधून माझ्याकडे बघतो, आणि बसत नाही. लिओनार्ड त्याला बोलावत नाही.

राहू दे उभा.